नाकेश्वरीचे शून्य

इंधन संशोधन संस्थेत तिला सगळे ‘नाकेश्वरी’ म्हणत. थट्टेने म्हणत, पण तिच्यावाचून कोणाचे पान हलत नसे. तरुणपणी ती वायू भरण्याच्या कारखान्यात होती. स्वयंपाकाच्या वायूला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एक कुजका दर्प मिसळतात. तो पुरेसा उतरला आहे की नाही, हे ती हुंगून सांगे. पुढे संस्थेने बियांच्या तेलापासून वाहनांचे इंधन काढायला घेतले, तेव्हा तिला बोलावून घेतले. धुरात काय काय आहे हे यंत्र सांगे. तो धूर रस्त्यावरच्या माणसाला सोसवेल का, हे मात्र नाकच सांगू शके. काचेच्या कोठडीत बसायचे, नळीच्या टोकाच्या कपात नाक घालायचे, विरळ केलेला धूर ओढायचा आणि शून्य ते पाच यांपैकी गुण द्यायचे. शून्य म्हणजे वास नाही. तुलनेसाठी वायूच्या त्याच कुजक्या दर्पाची एक बाटली कपाटात असे. तिचे बूच निघाले की मजला रिकामा होई, म्हणून अलीकडे ती कोणी उघडतच नसे.

संस्थेने कोठडीच्या काचा पुसून घेतल्या, नळ्या बदलल्या, कपाचे रबर बदलले. तिच्या जोडीने धूर हुंगणाऱ्या दोघी बायकांना काटकसर म्हणून घरी पाठवले. उरलेले एक नाक तपासून घ्यावे, असे कोणाच्या मनात आले नाही. ते काही संस्थेच्या मालकीचे नव्हते.

एका सकाळी घरी दूध उतू गेले, शेगडी विझली आणि वायू सुटत राहिला. ती शेजारीच भाजी निवडत होती. सून आतल्या खोलीतून आली ती ओरडतच.

“आई! अहो, नाक कुठं गहाण टाकलंत? घर उडालं असतं!”

सुनेने खटका बंद केला, खिडक्या उघडल्या. नाकेश्वरी हलली नाही. ज्या वासावर तिने निम्मे आयुष्य पोट भरले, तो घरभर पसरला होता आणि तिला पत्ता नव्हता. मग दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली. गेले कित्येक महिने ती नव्या इंधनाला शून्य देत होती. ते शून्य इंधनाचे नव्हते. तिच्या नाकाचे होते.

ती तडक संस्थेच्या प्रमुखांकडे गेली.

“साहेब, माझं नाक गेलं. तुमच्या धुरानं गेलं. तसं लिहून द्या आणि माझी ती शून्यं खोडा.”

“सर्दी असेल, मावशी.”

“घरात वायू कोंडला तरी कळलं नाही मला. सर्दी म्हणे!”

“मग वय झालं असेल.” प्रमुखांनी आवाज खाली आणला. “हे बाहेर बोलू नका. अहवाल छापून झालाय. परवा पाहुणे येतायत, तुमचा सत्कारच ठेवलाय.”

तिचे नाक गेले हे मान्य केले, तर अहवालही गेला. म्हणून तिचे नाक शाबूत असणे भाग होते. एखाद्या बाईला काय जाणवते, हे तिच्याहून छापील कागदाला अधिक कळते असे मानणाऱ्या विद्येला मी विद्या म्हणणार नाही. जमिनीखालचे तेल आणि वायू कधीतरी आटणार, झाडापासून इंधन मिळवावेच लागणार, हे मला मान्य आहे. पण त्यासाठीही माणूसच जाळायचा असेल, तर जुन्या इंधनाने आपले काय घोडे मारले होते?

पाहुण्यांसमोर इंजिन सुरू झाले. नाकेश्वरीला पुढे बसवून कप हातात दिला.

“सांगा मावशी, कसला वास येतो?” प्रमुखांनी विचारले.

“कसलाच येत नाही.”

टाळ्या पडल्या.

“अहो, मला वासच येत नाही! काही म्हणजे काहीच!”

टाळ्या वाढल्या. “बाई मोठ्या स्पष्ट बोलतात हो,” एक पाहुणा शेजाऱ्याला म्हणाला.

ती उठली. कपाटातून ती बाटली काढली, बूच उपटून खिडकीबाहेर भिरकावले आणि बाटली मांडीवर घेऊन पुन्हा खुर्चीत बसली. पहिल्या रांगेचे रुमाल निघाले, मागच्या रांगेच्या खुर्च्या आडव्या झाल्या. दारात सर्वांत आधी प्रमुख पोचले.

“मावशी, झाका ती! काहीतरी लावा वर!” ते अंगणातून ओरडले.

“कशाला, साहेब?” खिडकीतून तिचा आवाज आला. “मला सर्दी झालीय ना!”

अंगणात मघाच्या पाहुण्याने नाकावरचा रुमाल जरा सैल केला.

“अहवालातली शून्यं याच बाईंची का?” त्याने विचारले.

खिडकीच्या आत नाकेश्वरी बाटलीवर वाकून, छाती भरून श्वास घेत होती.