तिकीटखिडकीवरचं अस्वल

वाशीमच्या टॉकीजमध्ये सिनेमाआधी कधीकधी छोटं कार्टून दाखवत. आमच्या शेजारच्या चाची तेवढ्यासाठीच तिकीट काढायच्या आणि घरी येऊन त्यातले ससे, उंदीर लोकरीच्या गोंड्यांचे बनवायच्या.

एकदा फार मोठ्यानं हसल्या म्हणून मॅनेजरनं त्यांना बाहेर काढलं. चार दिवसांनी चाचींनी तिकीटखिडकीवर गुपचूप एक अस्वल टांगलं. मिशी आणि चष्मा थेट मॅनेजरचा. अख्खी रांग हसत होती.

संध्याकाळी अस्वल घेऊन मॅनेजर चाचींच्या दारात. मी आमच्या ओट्यावरून बघत होतो.

"हे तुमीच केलं ना?"

"हो. काहून?"

ते घुटमळले. "माह्या पोरीले लई आवडलं. तिले आता माय-अस्वलही पायजे."

"मंग घरवालीले घेऊन या," चाची गंभीरपणे म्हणाल्या. "पाह्यल्याशिवाय कशी करू?"