कुलूप-किल्लीचा उमेदवार

आमच्या मतदारसंघात निवडणुका व्हायच्या, पण निकालाची वाट कुणी बघायचं नाही. ऐंशीच्या दशकात अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात वर्षानुवर्षं एकाच पक्षाचा माणूस निवडून येत असे. त्या पक्षाचं तिकीट ज्या दिवशी जाहीर होई, त्याच दिवशी पेढे वाटले जात आणि हारतुरे होत. पुढचं मतदान म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका जुळवण्यासारखं.

अशा ठिकाणी मी विधानसभेला उभा राहिलो. का राहिलो, याचं खरं उत्तर एवढंच की मला कुणीतरी विचारलं.

तेव्हा मी चाळिशीचा होतो. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलचा अधिकारी. राहायला बदलापूरला, पूर्वेला नव्या झालेल्या सोसायटीत. रंगाच्या डब्यांवर सही करण्यापलीकडे माझी कीर्ती एकच होती, ती म्हणजे सोसायटीच्या गणपतीत मी भाषण करायचो. पाण्याचा टँकर, रस्त्यातले खड्डे, नागरिकांचं कर्तव्य असे माझे विषय असत. लोक शांतपणे ऐकत. प्रसाद भाषणानंतर मिळतो म्हणून ऐकतात, हे मला त्या वेळी सुचलं नव्हतं.

एका रविवारी सकाळी एक वकील माझ्याकडे आले. विरोधकांच्या दोन-तीन लहानसहान गटांनी मिळून एक आघाडी केली होती आणि वकीलसाहेब तिचे निमंत्रक होते. काळा कोट ते रविवारीही घालत. चहाचा पहिला घोट घेऊन त्यांनी मुद्द्याला हात घातला.

"या मतदारसंघाला सुशिक्षित चेहरा हवाय. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच नाव आलं."

मी मान खाली घातली. विनय दाखवायचा होता, आणि हसूही लपवायचं होतं. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली माझी बायको म्हणाली, "आणखी कुणाकुणाला विचारलंत?"

वकीलसाहेबांनी पोह्यांची फार स्तुती केली. पुढे निवडणूक संपल्यावर खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी मला सांगितलं, की वकील आधी त्यांच्याकडे आले होते. "मी म्हटलं, मला पेशंट असतात," डॉक्टर म्हणाले, "वर विचारून बघा, ते मोकळे असतात संध्याकाळी."

कारखान्यात रजेचा अर्ज दिला. मॅनेजरसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि लगेच मंजूर केला. "निकालाच्या दुसऱ्या दिवशी हजर होताय, असं धरतो," ते म्हणाले. निवडून आलो तर काय, हा प्रश्न त्यांनी काढला नाही. मला तो काढावासा वाटत होता, पण राहून गेलं.

आघाडी कागदोपत्री नवीच असल्यामुळे तिला स्वतःची निशाणी नव्हती. उरलेल्या चिन्हांतून मला कुलूप-किल्ली मिळाली. वकीलसाहेब हरखून गेले. "सत्तेचं बंद कुलूप उघडणारी किल्ली," असं वाक्य त्यांनी तिथल्या तिथे रचलं आणि उल्हासनगरच्या एका छापखान्यातून पत्रकंही काढून आणली. पत्रकावर माझा फोटो लहान आणि कुलूप मोठं होतं. बायको म्हणाली, "कुलूप चांगलं आलंय."

पहिली सभा एका कारखान्याच्या गेटवर ठेवली होती, शिफ्ट सुटायच्या वेळेला. त्या दिवसांत आमच्याकडे कारखाने एकामागून एक आजारी पडत होते. कुठल्या गेटवर टाळेबंदीची नोटीस लागेल, याचा भरवसा नव्हता. जीपच्या टपावर वकीलसाहेबांनी पुठ्ठ्याचं भलंमोठं कुलूप बांधलं होतं. मी बाजूला इस्त्रीचा शर्ट घालून, हातात माइक धरून उभा. कामगार बाहेर आले, कुलूप बघितलं आणि जागच्या जागी थांबले. माझ्या भाषणाला इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. मी जोर चढवून म्हणालो, "मित्रांनो, हे कुलूप मी तुमच्यासाठी आणलंय."

पुढे उभा असलेला एक पिकल्या मिशांचा कामगार शेजारच्याला म्हणाला, "हा मॅनेजमेंटचा माणूस आहे काय रे?"

"आहेच. बाजूच्या रंगाच्या कंपनीत साहेब आहे."

"मग नोटीस कुठाय?"

मी टाळेबंदीसाठी आलो नसून मतं मागायला आलोय, हे समजावण्यात माझं पुढचं सगळं भाषण खर्च झालं. शेवटी त्यांना ते पटलं. त्यांचे चेहरे एवढे मोकळे झाले, की एक-दोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. त्या टाळ्या नोकरी शाबूत असल्याच्या होत्या, पण घरी सांगताना मी फक्त टाळ्या वाजल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही उल्हासनगरच्या कॅम्पात दुकानादुकानांत फिरलो. सिंधी लोकांशी त्यांच्या भाषेत बोलायचं म्हणून मी कारखान्यातल्या एका सहकाऱ्याकडून दोन वाक्यं पाठ केली होती. कापडाच्या एका दुकानात म्हातारे मालक गादीवर बसले होते. त्यांना मी ती वाक्यं म्हणून दाखवली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली, आम्हाला बसवलं, रिवाजाप्रमाणे भाजलेला पापड आणि पाणी मागवलं, आणि मग हिंदीत विचारलं, "साईं, आपको शादी का कपड़ा चाहिए या घर का?"

मी पत्रक पुढे केलं. त्यांनी ते लांब धरून वाचलं.

"अच्छा, इलेक्शन," ते म्हणाले. "साईं, आप शरीफ आदमी लगते हो, इसलिए बोलता हूँ. वोट मैं उसी को देता हूँ जो जीतता है. जीतने वाला कल काम आता है. आप हार जाओगे तो भी आपको काम होगा, तब आप भी उसी के पास जाओगे. तो मैं पहले से चला जाता हूँ."

वकीलसाहेबांनी लोकशाहीवर बोलायला सुरुवात केली. मालकांनी त्यांना आणखी एक पापड दिला. निघताना मी बायकोसाठी ब्लाउजपीस घेतले. त्या दिवसाच्या प्रचाराचं तेवढंच काय ते हाती लागलं.

आता ज्यांच्याविरुद्ध मी उभा होतो त्यांच्याबद्दल सांगायला हवं. ते जवळच्याच गावचे, मूळचे शेतकरी घराण्यातले. पांढरा झब्बा-लेंगा, कपाळाला टिळा. माझ्यापेक्षा पाचएक वर्षांनी मोठे असतील. माझ्या भाषणांत मी त्यांना 'मस्तवाल सत्ताधीश' म्हणत असे. प्रत्यक्षात मी त्यांना कधी भेटलोच नव्हतो.

भेट झाली ती चिखलोलीच्या अलीकडे. प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात एका गावात माझी संध्याकाळची सभा होती. वकीलसाहेब पुढे गेले होते. मी मागून जीपने निघालो आणि रस्त्यात जीप बंद पडली. ड्रायव्हर बॉनेटमध्ये डोकं घालून बसला. उतरत्या उन्हात पुठ्ठ्याच्या कुलपाखाली मी उभा. तेवढ्यात मागून तीन-चार गाड्या आल्या. झेंडे बघून मी तोंड फिरवलं, पण टपावर एवढं मोठं कुलूप असताना तोंड फिरवून काय होणार. पहिली गाडी थांबली आणि मस्तवाल सत्ताधीश स्वतः खाली उतरले.

"काय झाला सायेब? गारी बंद परली?"

"किरकोळ आहे. होईल सुरू."

त्यांनी ड्रायव्हरला दोन प्रश्न विचारले आणि मान हलवली. "आज ना होनार ती. सभा हाय ना तुमची? बसा आमचे गारीन. लोका वाट बघतान."

मी नको म्हणालो. त्यांनी पुन्हा आग्रह केला. मी पुन्हा नको म्हणालो, पण मघापेक्षा हळू. मग मी बसलो. त्यांच्या पोरांनी माझी जीप ढकलून एका झाडाखाली लावली आणि कुलूप पडू नये म्हणून त्याची दोरीही आवळून दिली.

गाडीत मी ताठ बसून होतो. राजकारणावर काही बोलले तर सडेतोड उत्तर द्यायचं ठरवलं होतं. ते म्हणाले, "तुमचा भाषान मी आयकलाय. गनपतीन आलतो एकदा, मांगं उभा होतो. मना नाय जमत तसा. आमची पोरगी शालेन वक्तृत्वाला उभी रेली हाय, वृक्षारोपनावर. काय बोलाचा तिनी, सांगा ना जरा."

आता इथे कुणीही शहाण्या माणसाने विषय टाळला असता. मी मात्र सावरून बसलो आणि सुरुवात कशी करायची, आवाज कुठे खाली आणायचा, शेवटी श्रोत्यांकडे कसं बघायचं, हे सगळं त्यांना सांगू लागलो. माझ्या स्वतःच्या सभेसाठी राखून ठेवलेली दोन वाक्यंही वृक्षारोपणात बसवून दिली. ते मन लावून ऐकत होते. मधेच एखादं वाक्य परत म्हणायला सांगत. कारखान्यात आणि घरात मिळून इतक्या आदराने माझं कुणी ऐकलेलं मला आठवत नाही. गाव कधी आलं ते कळलंही नाही.

सभेच्या जागी वडाखाली वीसेक माणसं बसली होती. गाड्यांचा ताफा बघून घराघरांतून आणखी लोक बाहेर आले आणि बघता बघता मैदान भरलं. त्या गर्दीसमोर मी प्रतिस्पर्ध्याच्या गाडीतून उतरलो. वकीलसाहेब हार घेऊन पुढे येत होते, ते वाटेतच थबकले.

"तुम्ही माघार घेतलीत?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"नाही हो. जीप बंद पडली."

"मग दुसरी जीप बघायची होती."

लोकांमध्येही तीच कुजबुज पसरली होती. हे बघून ते गृहस्थ सरळ आमच्या माइकपाशी गेले. "आयका," ते लोकांना म्हणाले, "सायेब आमचे पक्षान आलेलं नाय. त्यांची गारी बंद परली म्हनून आनलंय. शिकलेला मानूस हाय, चांगला बोलतो. गरबर न करता आयका." आणि ते समोर पहिल्या ओळीत सतरंजीवर मांडी घालून बसले.

मी बोललो. माझ्या सगळ्या प्रचारातली ती सर्वांत मोठी सभा, आणि तीही त्यांनी जमवलेली. 'मस्तवाल' हा शब्द भाषणात तीन ठिकाणी होता, तो मी तिन्ही ठिकाणी गाळला. त्यामुळे वाक्यं लंगडी झाली. काही ठिकाणी मी सत्ताधाऱ्यांवर टीका करतोय की त्यांचे आभार मानतोय, हे माझं मलाच कळेना. भाषण संपल्यावर टाळ्या वाजल्या. लोक उठून पुढे आले आणि माझ्या अंगावरून जाऊन त्यांच्या पाया पडले.

मतदानाच्या दिवशी मी सगळ्या केंद्रांवर फिरलो. ओळखीचे लोक मला बघून फार प्रेमाने हसत, आणि त्या हसण्यावरून मला मत कुठे चाललंय ते समजत असे. संध्याकाळी बायकोला विचारलं, "तू तरी मला दिलंस ना?"

"दिलं," ती म्हणाली. "पण शिक्का हातात घेऊन जरा थांबले होते."

"का?"

"म्हटलं, चुकून निवडून आलात तर ते वकील रोज जेवायला येतील."

मतमोजणीच्या हॉलमध्ये टेबलांवर मतपत्रिकांचे गठ्ठे लावत होते. सत्ताधीशांचे गठ्ठे विटांसारखे रचलेले. माझा गठ्ठा पंख्याच्या वाऱ्याने उडायला लागला, तेव्हा कारकुनाने त्यावर आपली पाण्याची बाटली ठेवली. निकाल सांगितला गेला, अनामत रक्कम जप्त झाली. वकीलसाहेब म्हणाले की नैतिक विजय आपलाच आहे, आणि कोट हातावर घेऊन स्टेशनकडे चालू लागले. मी घरी येऊन आंघोळ केली आणि झोपलो.

संध्याकाळी ताशांच्या आवाजाने जागा झालो. विजयाची मिरवणूक आमच्या रस्त्याने चालली होती. मी पडद्यामागून बघत होतो. ट्रक आमच्या सोसायटीसमोर आला आणि थांबला. ताशे बंद झाले. थोड्या वेळाने दारावरची बेल वाजली. दारात ते स्वतः, केसांपासून चपलांपर्यंत गुलालात न्हालेले.

"वहिनी, सायबांना खाली न्येतो जरा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पोरीचा पयला नंबर आला."

बायकोने त्यांना साखर दिली, नारळ दिला. ती मला म्हणाली, "जा ना. बोलवायला आलेत तर."

कपाटातला पांढरा शर्ट अंगात घालून मी खाली उतरलो. ट्रकवर चढताना कुणीतरी हात दिला, कुणीतरी मागून रेटलं. त्यांनी आपल्या गळ्यातला एक हार काढून माझ्या गळ्यात घातला आणि मूठभर गुलाल डोक्यावर टाकला. ताशे पुन्हा सुरू झाले. खालून लोक आधी त्यांच्या नावाने घोषणा देत होते. मग मधेच कुणीतरी माझ्याही नावाने दिली आणि बाकीच्यांनी हसत हसत ती उचलून धरली. मी हात जोडले. पडलेल्या माणसाने किती हात जोडावेत याला काही मर्यादा असेल, पण मी बाजारपेठ संपेपर्यंत दोन्ही बाजूंना जोडत होतो. बाल्कनीतून दातांचे डॉक्टर बघत होते, त्यांनाही जोडले.

खरं सांगायचं तर मला फार बरं वाटत होतं.

ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात हजर झालो. गुलाल कानांतून आणि नखांतून काही केल्या निघाला नव्हता. मॅनेजरसाहेबांनी माझे कान बघितले, वर्तमानपत्रातला निकाल बघितला आणि पुन्हा माझे कान बघितले. मग काही न विचारता त्यांनी तपासायच्या डब्यांचे नमुने माझ्याकडे सरकवले.