पहिली ओंजळ

पटकीची साथ आली त्या वर्षी म्हसवडजवळच्या आमच्या वस्तीवर जिल्हा परिषदेचा एक माणूस रोज सायकलवरून यायचा. विहिरीत जंतू मारायची पावडर टाकली की रहाटाचा दोर मांडीवर घेऊन काठावर बसायचा. अर्धा तास कुणालाही पाणी शेंदू द्यायचा नाही. रिकाम्या घागरी घेऊन आम्ही बायका त्याच्यावर करवादायचो. तो हसायचा. पावडर नाकातोंडात जाऊन त्याचा घसा कायम बसलेला असायचा. वेळ झाली की पहिला पोहरा तोच काढायचा, सगळ्यांदेखत ओंजळभर पाणी प्यायचा आणि मगच दोर आमच्या हाती द्यायचा.

शेजारच्या वाडीत दोन लेकरं दगावली होती. तरी मी एकदा कुरकुरलेच, "भाऊ, लय वास मारतंय पाणी. माझं लेकरू तोंड लावंना."

"मारू द्या, वैनी," तो म्हणाला. "वास येतोय तवर राखणदार जागा हाय. वास गेला की मला हाक मारा."

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

आता नळाला तो वास आला की नातू नाक मुरडतो. मी समजावत बसत नाही. त्याच्यासमोर आधी ओंजळभर पिते, मग पेला त्याच्या हातात देते.