बेड्यातून पालखी गेली नाही

कान इकडे कर गो, पोरी. चिपळुणात दिली म्हणून काय माहेर तुटलं? शिमगा होऊन गेला तरी तुझा पाय इकडे वळला नाही. फोनवर एकच विचारतेस, काकी, चूक कोणाची? तर ऐक. माझी.

आपल्या दोन घरांमधला चिऱ्यांचा गडगा तुला ठाऊक आहे, कमरेएवढा. मधे जायला-यायला सोडलेली वाट, ते बेडं. शिमग्याला पालखी आधी माझ्या अंगणात यायची, मी ओटी भरायची, मग त्याच बेड्यातून तुमच्याकडे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तुझे बाबा एका पक्षात, माझा मुलगा दुसऱ्यात. निकालाच्या दुसऱ्या दिवशी बेड्यात काटेरी फांद्या. कोणी टाकल्या विचारू नको, दोन्ही बाजूंनी होत्या.

पौषात मी काका-पुतण्याला पडवीत घावन खायला बसवलं. मग आंब्याच्या मोहोराचं निघालं, तुडतुड्यांचं, फवारणीचं. तुझे बाबा म्हणाले, तुझा पंप गळतो, माझा ने. मुलगा म्हणाला, काका, तुमचा तर गेल्या वर्षी माझ्याच अंगावर गळला. हसले गो दोघं. उठले आणि मिळून काटे काढले. महिनाभर वाट्या इकडून तिकडे जात होत्या.

तिथेच थांबायचं की नाही मी? हाव सुटली. शिमग्याच्या आदल्या आठवड्यात पुन्हा बसवलं. म्हटलं, देव दारात यायच्या आधी मतांचंही बोलून मोकळे व्हा.

"वहिनी, ते राहू दे," तुझे बाबा म्हणाले. "घावन छान झालेत."

मी कसली ऐकते. बोलायलाच लावलं. तर मुलगा म्हणाला, "काका, तुमच्या पक्षाला मत देतो तो गावाचा माणूसच नव्हे."

तुझे बाबा हात धुवायलाही थांबले नाहीत. "मग पालखीही तुझ्याच गावाची. माझ्या दारात नको."

पालखी माझ्याकडून निघाली ती रस्त्याने पुढे गेली. तुमचं दार आतून बंद. तुझी आई खिडकीत नारळ धरून उभी होती. ढोल लांब गेले तरी उभीच. आणि मी गडग्यापाशी.

आता बेड्यात तार आहे, पक्की. पलीकडे तुझे बाबा खाकरले की कळतं, आहेत.

तू ये. चहा माझ्याकडे घे, जेवायला आईकडे जा. रस्त्याने वळसा पडेल, पडू दे. बाबांशी कलमांचं बोल, मतांचं तेवढं काढू नको. या आठवड्यातच ये गो.