दुपारी सव्वा वाजता, माझ्या नावाने

साखर कारखान्याच्या शेतकी विभागात मला घेतलं ते मला उसातलं काही कळत होतं म्हणून नव्हे. मी भिंगारला इंग्रजी शाळेत शिकले होते, कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स झाला होता, आणि नव्या मशिनवरची सगळी अक्षरं इंग्रजी होती. एवढंच. लागण म्हणजे ऊस लावणं, तोड म्हणजे तो कापणं, खोडवा म्हणजे कापलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटणारा ऊस, हे शब्द मी तिथे जाऊन शिकले. बोलायचे कमीच. कचेरीतलं मराठी बोलताना मध्येच शब्द अडायचा आणि समोरचा माणूस थांबून माझ्या तोंडाकडे बघायचा.

प्रोग्राम बसवायला पुण्याहून आलेल्या माणसाने माझ्याकडून पासवर्ड टाकून घेतला. जाताना त्याने बजावलं की तो कुणालाही सांगायचा नाही, या नावाने मशिनमध्ये जे होईल ते तुम्हीच केलं असं धरलं जाईल. शाळेत सांगितलेलं सगळं जसं मी तंतोतंत पाळायचे, तसंच मी हेही घेतलं.

आठवड्यातच हेडक्लार्कनी पासवर्ड विचारला. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. माझ्या वडिलांच्या वयाचे होते. मी रजेवर गेले तर तोडीची यादी कोण काढणार, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. सांगायला मनाई आहे, असं मी कसंबसं म्हणाले. ते हसले.

"आम्ही काय चोर आहोत का, बाळ?"

मी पासवर्ड दिला नाही. पुढचे तीन दिवस माझा चहा टेबलावर येत राहिला, पण ‘चला चहाला’ असं मला कुणी म्हणालं नाही. शिपाई तेवढा स्पष्ट बोलला. "म्याडम, आपल्यात कपाटाची किल्लीबी खिळ्याला असती. तुमीच काय एवढं लपवून ठिवलंय?"

तिथे खरंच तसं होतं. किल्ल्या भिंतीवर, शिक्के उघड्या ड्रॉवरमध्ये. लपवणारी मी एकटीच. चौथ्या दिवशी मी पासवर्ड चिठ्ठीवर लिहिला आणि टेबलाच्या काचेखाली सरकवला. त्या दुपारी भाऊसाहेबांनी घरून आणलेला पेरू कापून पहिली फोड माझ्यापुढे केली. मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

हंगामात तोडीची यादी मशिन लागणीच्या तारखेवरून काढायचं. ज्याची लागण आधी, त्याचा ऊस आधी तुटणार. डिसेंबरात एक बाई खिडकीशी आली. नवरा नव्हता, एक एकर ऊस तिचा तीच बघत होती. तिचं म्हणणं, बांधाला बांध लावून असलेल्या शेताला तोड आली, तिथली लागण तिच्या नंतरची. तिचा नंबर मात्र कुठेच नाही. "माज्या उसाला तुरं आल्यात," ती म्हणाली. तुरे आले की ऊस आतून पोकळ पडत जातो, एवढं मला तोपर्यंत कळलं होतं.

तिच्याकडे नोंदीची पावती होती. पावतीवर लागण गेल्या वर्षीच्या जुलैची. मशिनमध्ये सप्टेंबर.

मी पुन्हा पाहिलं. नोंद मुळात जुलैचीच होती. नंतर कुणीतरी बदलली होती. बदल करणाऱ्याचं नाव आणि वेळ मशिन ठेवत असे. वेळ दुपारी सव्वा. नाव माझं.

सव्वा वाजता मी रोज हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसमधल्या बाईंकडे डबा खायला जायचे. त्या दिवशीही गेले असणार. पण स्वतःचं नाव असं पडद्यावर दिसलं की आपल्याच आठवणीवरचा भरवसा जातो. मी लवकर परत येऊन काही केलं होतं का? दुसऱ्याच कुणाची तारीख टाकताना हिची बदलली का? खोलीत चार माणसं होती आणि चौघेही माझ्याशी चांगले वागत होते. एकेकाचा चेहरा पाहिला. काहीच कळलं नाही.

बाईची तक्रार शेतकी अधिकाऱ्यांपर्यंत गेली आणि त्यांनी मला आत बोलावलं. भाऊसाहेब दाराशी उभे होते, पावतीवाली बाई बाहेर बाकावर. साहेबांनी विचारलं, तू केलंस का? मी नाही म्हणाले, त्या वेळी जेवायला गेले होते म्हणाले. मग मशिन खोटं बोलतं का, असं त्यांनी विचारलं. रागाने नाही, त्यांना खरंच तसा प्रश्न पडला होता.

"पोरगी नवीन आहे, साहेब," भाऊसाहेब म्हणाले. "चुकून झालं असेल."

ते मला वाचवत होते की स्वतःला, की आमच्या खोलीतल्या आणखी कुणाला, हे मला त्या क्षणी कळलं नाही. आजही सांगता येणार नाही.

साहेब म्हणाले, चूक असेल तर लिहून दे, आत्ता तारीख दुरुस्त करू. चूक नसेल तर चौकशी लागेल, आणि ती होईपर्यंत नोंद आहे तशीच राहील.

पासवर्ड काचेखाली आहे, सगळ्यांना माहीत आहे, हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. इंग्रजीत आलं होतं. दारातून बाकाचं टोक दिसत होतं आणि त्यावर बाईने घट्ट धरलेली पावती.

"माझ्याकडून झालं असेल," मी म्हणाले, आणि तसं लिहून सही केली.

तारीख दुरुस्त झाली, आठवड्याच्या आत तिची तोड लागेल असं साहेबांनी तिला सांगितलं. तिने पदर सावरला आणि माझ्याकडे पाहिलं. "शिकल्याली हाईस. नीट बगत जा, पोरी." ती योग्यच बोलली होती. मी मान हलवली.

जागेवर येऊन मी काचेखालची चिठ्ठी काढून फाडली आणि नवा पासवर्ड टाकायला बसले. बोटं चुकत होती, दोनदा पहिल्यापासून टाकावा लागला. शेजारच्या टेबलावरून भाऊसाहेब बघत होते. मग त्यांनी खुर्ची वळवली आणि माझं होईपर्यंत खिडकीबाहेर, वजनकाट्यापाशी उभ्या गाड्यांकडे बघत राहिले. बघू नका असं मी म्हटलं नव्हतं. चहा आला तेव्हा त्यांनीच मला हाक मारली, आणि मी उठले.