पाचव्या देवदूताचा चेहरा

अरविंदकाका देवधर गेल्याचा मेसेज त्यांच्या मुलीनं, ईरानं, इंग्रजीत पाठवला तेव्हा मी ऑकलंडच्या हेन्डरसन भागात भाजी खरेदी करून गाडीत बसत होते. सकाळी चहा घेताना खुर्चीतच गेले, एवढंच लिहिलं होतं. वाचून माझ्या मनात पहिलं काय आलं, तर काकांनी हे असं सरळ मान्य केलं नसतं. किती वाजता, जवळ कोण होतं, डॉक्टरांनी नक्की काय लिहिलंय... विचारतच राहिले असते. सहा आठवडे झाले त्याला.

काका मूळचे पुण्याचे, सिव्हिल इंजिनिअर. ऑकलंडच्याच पेनरोज भागातल्या एका काँक्रीटच्या कारखान्यात ते वर्षानुवर्षं तयार झालेले खांब आणि स्लॅब तपासत. पास करायचा की परत पाठवायचा, हे ठरवणं त्यांचं काम, आणि ती नजर घरीदारी कधी मिटली नाही. डेअरीत दूध घेतानाही मागची बाटली काढून तारीख वाचायचे, मग पुढचीही वाचायचे. रिटायर झाल्यावर घरी बसवेना म्हणून आमच्या म्युझियममध्ये आठवड्याचे तीन दिवस गॅलरी सांभाळायला आले. ऑकलंडमधल्या एका जुन्या कॅथीड्रलचं हे लहानसं म्युझियम. कॅथीड्रलच्या दर्शनी भिंतीसाठी घडवलेले पाच दगडी देवदूत पावसावाऱ्यानं झिजायला लागले, तेव्हा मूळ मूर्ती उतरवून आमच्याकडे ठेवल्या आणि साच्यातून ओतून काढलेल्या नकला वर बसवल्या. संग्रहाची कॉम्प्युटरवरची नोंद मी ठेवते. तिथे मराठी आम्ही दोघंच, त्यामुळे जेवायला एकत्र बसायचो. काकू डब्यात माझ्याही वाटणीचं थालीपीठ द्यायच्या, आणि रविवारी त्यांच्याकडे जेवायला जायचं हे ठरूनच गेलं होतं.

एका दुपारी डबा उघडण्याआधीच काका हळू आवाजात म्हणाले, "मंजिरी, पाचवा माल खोटा आहे."

मी हसले. ते मला गॅलरीत घेऊन गेले, टॉर्च आडवी धरली आणि देवदूताच्या पंखाखाली, सगळ्याच मूर्तींना दिलेला चुन्याचा हात नीट न बसलेली जागा दाखवली. सुईच्या टोकाएवढी भोकं होती. दगडात असे हवेचे फुगे नसतात, ओतलेल्या मालात राहतात, हेच मी आयुष्यभर मोजत आलोय, असं त्यांचं म्हणणं. नकला ओतल्या त्या वर्कशॉपमध्येच अदलाबदल झाली असणार. मग खरा वर पावसात उभा आहे, ते म्हणाले, आणि रोज थोडा जातोय.

आमची क्युरेटर हेलन भली बाई. तिनं काकांचा ईमेल वाचला, वर्कशॉपचे कागद तपासले आणि सगळं बरोबर असल्याचं प्रेमानं कळवलं. काकांना मग कागदांचाच संशय येऊ लागला. शेवटी त्यांनी मला विचारलं, नोंद करताना तू मूर्ती पाहिलीस, की कागद पाहून टाईप केलंस? मी कागद पाहूनच केलं होतं. पण मला ते लागलं. त्याच आठवड्यात हेलननं सहज विचारलं, देवधर मूर्तींना हात लावतात का? म्युझियममध्ये ही मोठी चूक. माहीत नाही म्हणता आलं असतं. मी म्हणाले, हो, अंगठा घासून बघतात... ते खरंच होतं. पुढच्या महिन्याच्या रोस्टरमध्ये काकांचं नाव नव्हतं. ते सगळ्यांचे आभार मानून गेले. मला त्यांनी काही विचारलं नाही.

मी रविवारी जात राहिले. काका दार उघडायचे तेव्हा माझ्याकडे क्षणभर जास्त बघतात असं मला वाटायचं. त्यांना कळलंय का? हेलननं सांगितलं असेल का? वाढताना काकूंचा हात थबकला तरी मी चटकन त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे.

दोन हिवाळे गेले. कॅथीड्रलचं पन्हळ गळायला लागलं म्हणून परांची बांधली, आणि वर चढलेल्या गवंड्यानं हेलनला फोन केला. पाचवा देवदूत अस्सल दगडाचा होता. खाली उतरवल्यावर मी त्याला पाहिलं आणि तशीच गाडी काढून हेन्डरसनला काकांच्या घरी गेले. काका मागच्या अंगणात मेथीला पाणी घालत होते. मी सगळं सांगितलं. "मी म्हणालो होतो" हे ऐकायची तयारी करूनच गेले होते.

"चेहरा किती राहिलाय?" त्यांनी विचारलं.

नाक गेलंय, डावा डोळा जवळजवळ सपाट झालाय, मी म्हणाले. काका पायरीवर बसले. नळ चालूच राहिला, तो मी बंद केला. ते म्हणाले, "दोन हिवाळे..."

हेलननं माफीचं पत्र लिहिलं, कामावर परत बोलावलं. काकांनी तब्येतीचं कारण दिलं. एकदा मात्र आले, झिजलेल्या देवदूतासमोर बराच वेळ उभे राहिले. मग हेलनची परवानगी घेऊन उरलेले चारही नव्यानं तपासले.

गेल्या रविवारी मी काकूंकडे गेले. काकांच्या खोलीत काकू कपाटातले शर्ट काढून पलंगावर ठेवत होत्या. मी घड्या घालायला बसले आणि दोन-तीन शर्ट झाल्यावर सांगून टाकलं, की हात लावतात हे हेलनला मीच सांगितलं होतं.

"त्यांना तसा संशय होता," काकू म्हणाल्या.

सगळं तपासून बघणारा माणूस... मग मला विचारलं का नाही त्यांनी?

"मी म्हटलं होतं, एकदा विचारून टाका. तर म्हणाले, नको. विचारलं की ती खरं सांगेल, आणि मग रविवारी यायची नाही."

काकूंनी पुढचा शर्ट माझ्या हातात दिला. कॉलरच्या आत काकांनी पेननं धोब्याच्या खुणेसारखी स्वतःची आद्याक्षरं घातली होती. सगळ्याच शर्टांना होती. मी एकेक कॉलर उलटून बघत घड्या घालत राहिले.