मागच्या जिन्याचं कुलूप

ऑपरेटरबाईंनी आयुष्यात कुणाला माफ केलं नव्हतं, आणि ही सवय उतारवयात मोडायचा त्यांचा विचारही नव्हता.

कॉलेजच्या फाटकाशेजारी त्यांची खोली. तिथे बसून त्या फोन घेत. गेल्या परीक्षेच्या दिवशी एक पोरगेला आवाज म्हणाला, "इमारतीत बॉम्ब आहे." बाईंनी घाबरून फोन आपटला आणि ओरडत सुटल्या. मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप. मुलं तास बुडवून पळतात म्हणून प्राचार्यांनीच ठोकलेलं. अख्खं कॉलेज पुढच्या जिन्यावर लोटलं. प्रयोगशाळेत कामाला असलेली बाईंची धाकटी जाऊ पायाखाली सापडली. बॉम्ब नव्हताच. जाऊ मात्र आता काठी टेकत घरातल्या घरात फिरते.

"सोडा ना ताई, झालं गेलं," जाऊ म्हणे.

"तू सोड. मी दात धरलाय. तोंडाचं बोळकं झालं तरी तो पडायचा नाही."

बाईंनी प्राचार्यांच्या डोक्याशी भुणभुण लावून कुलूप काढायला लावलं आणि आपल्या खणात टाकलं. मग सराव सुरू केले. घंटा झाली की दोन्ही जिन्यांनी उतरायचं, मैदानात वर्गवार रांगा, प्रत्येकाची जागा ठरलेली. धमकीचा फोन आला तर ठेवायचा नाही, बोलत राहायचं.

"काय बाई, आज पुन्हा फिरायला नेताय?" प्राध्यापक चिडवत.

"पाय धड आहेत तोवर फिरा," बाई म्हणत.

पुढच्या परीक्षेला फोन वाजला. तोच आवाज. बाईंनी पहारेकऱ्याला खूण केली, त्याने घंटा दाबली. घंटा इमारतीत वाजली आणि फोनमधूनही ऐकू आली. म्हणजे मेला आतच होता. बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"कुठे ठेवलायस, बाळा? मला जरा कमी ऐकू येतं."

"लायब्ररीत."

"केवढा आहे रे? पिशवीत का डब्यात?"

पोरगा अडखळत सांगत राहिला. खिडकीतून बाईंना दिसत होतं, दोन्ही जिने धक्काबुक्कीशिवाय रिकामे झाले, रांगा लागल्या. शेवटच्या वर्षाच्या रांगेत एकच जागा मोकळी.

"आता ठेव फोन," बाई म्हणाल्या. "रांगेत तुझी वाट बघतायत."

तो एकटाच मागच्या जिन्याने उतरला, तशी बाईंनी तिथे पाठवलेल्या पहारेकऱ्याने त्याची मानगूट धरली. पोलिसांनी इमारत धुंडाळली. काही निघालं नाही.

"मला फक्त परीक्षा पुढे ढकलायची होती," तो रडत म्हणाला.

"पोराचं आयुष्य वाया जाईल, बाई," प्राचार्य म्हणाले. "समज देऊन सोडू."

"पोलिसांना माझा जबाब देऊन झालाय." बाईंनी खणातलं ते कुलूप पिशवीतून काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. "ह्याचंही सांगितलंय."

घरी येऊन त्यांनी जावेला सगळं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा जावेनेच सांगायला लावलं.